हल्ली विसरतात

घरात मी दादाला एकेरीच बोलतो. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे. पण आमच्याकडे थोरल्या भावाला ‘अरे दादा’च म्हणतात, आणि त्यात मान कमी पडतो असे कुणाला वाटत नाही. त्याच्याविषयी मी आदरार्थी बोललो ते पाहुण्यांसमोर, गेल्या वर्षीच्या श्रावणात. आवाज जरा खाली आणून, हसऱ्या चेहऱ्याने मी म्हणालो, “हल्ली विसरतात.” दादा तीन पावलांवर उभा होता. त्या दोन शब्दांविषयी मला लिहायचे आहे, आणि ते लिहिताना स्वतःला सोडवून घ्यायचे नाही.

आमचे रान तासगावच्या पूर्वेला आहे. तिथे काळी जमीन संपत आलेली असते आणि मुरूम वर येऊ लागतो. आमच्या घरात ‘माळ’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक माळ दादाच्या गळ्यातली, तुळशीची. दुसरा माळ म्हणजे विहिरीच्या वरच्या अंगाचा मुरमाड उतार. त्या उतारावर शिराझ जातीच्या द्राक्षांच्या बारा ओळी आहेत. त्या ओळींना आम्ही ‘पट्टी’ म्हणतो. बाकीच्या बागेत बेदाण्याची द्राक्षे होती, अजूनही थोडी आहेत. पट्टी मात्र माझ्या हट्टाने लागली.

मी वीस वर्षे फलटणच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. उसाच्या रसातली साखर मोजायची आणि कागदावर लिहायची, एवढे माझे काम. घरी परतलो तेव्हा डोक्यात वाइन होती. थोडी, पण आपल्याच रानातली आणि आपल्याच हातची. दादा दोन दिवस माळावर फिरून आला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने अट घातली.

“द्राक्ष हाय तवर माझं. तुझ्या त्या खोलीचा उंबरा वलांडला की तुझं. मी आत पाय टाकायचो न्हाई.”

वहिनी भाकरी थापताना म्हणाली, “आवं, पर घरात कोनच घेत न्हाई. भावजीबी म्हनं थेंबभर चाखून थुकनार. मग पिनार कोन?”

“पिनारं पुन्यात हायत,” दादा म्हणाला. “त्येंची काळजी तू करू नगंस.”

अट त्याने पाळली. क्रेट उचलून तो वायनरीच्या उंबऱ्यापर्यंत आणायचा, उंबऱ्यावर ठेवायचा आणि मागे सरायचा. आत काय चालते हे त्याने कधी डोकावूनही पाहिले नाही. मात्र द्राक्ष पिकले की नाही हे तो जिभेवर सांगायचा. मी साखर मोजायच्या यंत्रात थेंब टाकून डोळा लावायचो, तो मणी फोडून, बी चावून म्हणायचा, “तेवीस असंल.” आणि तेवीस असायचे.

पट्टीची वाइन मी वेगळी ठेवायचे ठरवले: ओकच्या लाकडाच्या दोन पिंपांत, वर्षभर, बाकी कशाशीही न मिसळता. दादाला समजावताना म्हणालो, “ह्याला रिझर्व्ह म्हनत्यात, दादा. राखीव.”

“यष्टीत असतंय तसं? म्हैलांसाठी राखीव?”

“तसंच की.”

“मग ही कुनासाठी राखीव?”

मी नुसता हसलो होतो.

राखीव वाइनसाठी वेलीवर घड थोडे ठेवावे लागतात, म्हणजे राहिलेल्यांत रस दाट उतरतो. त्यासाठी हिरवे, चांगले घड कापून खाली टाकायचे. बेदाण्यावर जगलेल्या माणसाला हे किती जड जात असेल ते मला तेव्हा कळले नाही. दादा पहिल्या वर्षी कात्री घेऊन पहिल्या ओळीत शिरला तो तासाभराने तसाच परत आला. वहिनीला म्हणाला, “तू म्होरं हो. माझा हात हुईना.” पुढे त्याने स्वतःच तोड काढली. खाली टाकलेले घड वाया जायचे नाहीत, म्हणून पूर्वेकडून उतरणारा एक मेंढपाळ त्याने सांगून ठेवला. कापणी झाली की त्याची मेंढरे ओळींत शिरायची, घड खायची आणि लेंड्या टाकून जायची. मग दादाचा हात होऊ लागला. बाटलीमागच्या चिठ्ठीवर मी अभिमानाने छापले: ‘माझ्या थोरल्या भावाने एकेक घड निवडून राखलेली बारा ओळींची पट्टी.’ ते छापताना मला खरेच अभिमान वाटत होता.

दादाची एक सवय इथे सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अडले आहे. तोडणीच्या दिवशी त्याच्या कमरेला सुतळी असते. एक क्रेट उंबऱ्यावर टेकले की सुतळीला एक गाठ. आमचे वडील बेदाण्याच्या जाळ्या अशाच मोजायचे. तोडणी संपली की ती सुतळी तो विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला अडकवतो. एका वर्षाची एक सुतळी, एका खिळ्याला एक. तिथे हिशेबाची वही नाही, सुतळ्याच आहेत. पट्टीच्या सुतळीला साधारण चाळीस गाठी असायच्या, आणि चाळीस क्रेटांत माझी दोन पिंपे भरायची.

त्या श्रावणाच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी संपता संपता, तोडणीला आठवडा असताना गारा पडल्या. वीस मिनिटे, अधिक नाही. खालच्या बागेचे फार बिघडले नाही. माळ मात्र उघड्यावर होता. पुढचे चार दिवस दादा ओळींत उकिडवा बसून एकेक घड हातात घेत होता आणि बारीक कात्रीने फुटलेला मणी काढून टाकत होता. चार दिवसांनी उंबऱ्यावर चौदा क्रेट आले. शेवटचे टेकवून त्याने गाठ मारली आणि म्हणाला, “एवढंच हाय, धाकल्या. पर जे हाय ते चोख हाय.”

चौदा क्रेटांत एक पिंपसुद्धा भरत नाही, आणि अर्धे रिकामे पिंप म्हणजे वाइनचे व्हिनेगर. हे मी स्वतःला कारण म्हणून सांगितले. पण ते कारण नव्हते. काचेच्या मोठ्या बरण्या माझ्याकडे होत्या. तेवढी वाइन त्यांत सुखाने राहिली असती. त्या वर्षी कमी बाटल्या निघाल्या असत्या आणि चिठ्ठीवर ‘गारा’ असा एक शब्द वाढला असता, इतकेच. खरे कारण असे, की आदल्या वर्षी माझ्या वाइनचे चार जाणत्या माणसांनी कौतुक केले होते, आणि ‘यंदा थोडीच आहे’ हे त्यांना सांगणे मला कमीपणाचे वाटले.

दोन गावे ओलांडून एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे शिराझ होती. भरपूर पाण्यावर वाढवलेली, मोठ्या मण्यांची. दादा एका नातलगाच्या दहाव्याला गेला होता, त्या दुपारी मी तिथून सव्वीस क्रेट आणवले. सव्वीस आणि चौदा, चाळीस. दादा संध्याकाळी परतला तेव्हा सगळे एकत्र आंबत होते. तो उंबऱ्याच्या आत येणार नव्हता हे मला माहीत होते. त्याच्या व्रताचा मी असा उपयोग केला.

वाइन बरी झाली. कुणाला काही कळले नाही. मला कळत होते: घोट गिळल्यावर मागे जो कोरडेपणा रेंगाळायचा, मुरमाचा म्हणावा असा, तो या खेपेला लगेच निघून जायचा. चिठ्ठीतला एक शब्दही मी बदलला नाही. प्रत्येक बाटलीवर मी शाईने आकडा घालत असे. याही वर्षी घातला.

मग तो श्रावण. महाबळेश्वरला पाऊस बघून पुण्याची दोन जोडपी वाट वाकडी करून आमच्याकडे आली होती. वायनरीबाहेरच्या पत्र्याखाली मी टेबल मांडले होते. दादा मोटार बंद करून येत होता. पाहुण्यांनी त्याला हाक मारून थांबवले. चिठ्ठीवरचा थोरला भाऊ तो हाच, हे कळल्यावर त्यांच्यातल्या एका बाईंनी नमस्कार केला. दादा लाजला, डोक्यावरची टोपी सारखी करत उभा राहिला. त्यांच्यातल्या एकाने बाटली फिरवून मोठ्याने वाचले, “गेल्या वर्षीचं पीक. बाटली क्रमांक चारशे बारा, एकूण सहाशे.”

“सहाशे?” दादा म्हणाला. “त्या सालची एवढी कशी हुतील? गारा न्हवत्या का झाल्या? पट्टीत चौदाच क्रेटं निघाल्ती.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला एक क्षण मिळाला होता. तो खूप मोठा होता, हे मला नक्की आठवते. पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि खरे बोलायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ माझ्याजवळ होता.

“चाळीस होती, दादा,” मी म्हणालो. “चौदा तू खालच्या बागेची सांगतोयस.” आणि तो काही बोलण्याआधी पाहुण्यांकडे वळून, शहरी, मऊ मराठीत: “हल्ली विसरतात.”

पाहुण्यांच्या चेहऱ्यावर ती समजूतदार कणव आली, जी म्हाताऱ्या माणसांसाठी आपण तयार ठेवलेली असते. बाई म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं.” दादाने एकदा माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. एखाद्या वाटेवर रोजची खूण दिसली नाही की माणूस जसा पाहतो, तसे. मग म्हणाला, “आसंल. धाकलं शिकल्यालं हाय, त्येच्या ध्यानात ऱ्हातंय.” आणि गेला.

संध्याकाळी त्याने ओट्यावर मला विचारले, “खरंच चाळीस हुती रं?”

“व्हय, दादा.”

“मग सुतळी बघतो सकाळी. गाठी काय खोटं बोलत न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी फटफटायला लागताच, तो उठायच्या आत, मी मोटारीच्या खोलीत जाऊन त्या खिळ्यावरची सुतळी काढून आणली. ती माझ्या टेबलाच्या खणात, बुचांच्या पिशवीखाली ठेवली. फेकून का दिली नाही हे मला तेव्हाही सांगता आले नसते. पाप करणाऱ्याने पुरावा जपून ठेवावा, यात काही चांगुलपणा होता असे मी म्हणणार नाही.

दादा विहिरीवरून परतला. चहा घेताना वहिनीला म्हणाला, “त्या सालची सुतळी बांधल्यालीच न्हाई मी. समद्या सालच्या हायत, तीच न्हाई.” आणि थोड्या वेळाने, “मला वाटत हुतं बांधली. ह्या हातानं बांधली असं दिसतंय मला, बघ.”

त्या दिवसापासून माझा भाऊ स्वतःवर पहारा ठेवू लागला. मोटार बंद केली की पाच पावले जाऊन परत यायचा. वहिनीला विचारायचा, “मी च्या घेतला न्हवं?” काही लक्षात ठेवायचे असले की टॉवेलच्या टोकाला गाठ मारायचा, चार दिवसांत टॉवेलभर गाठी झाल्या आणि कुठली कशासाठी ते आठवेना. कुणालाच आठवले नसते. त्याने मात्र तोही पुरावा धरला.

वहिनी एकदा मला म्हणाली, “भावजी, तुमीच काय ते बगा. ते रातीचं पाडं म्हनत्यात, बे एके बे. म्या इचारलं तर म्हनत्यात, बघतोय अजून किती ऱ्हायल्यात.”

आणि मी काय केले? त्याला सांगलीला डॉक्टरकडे नेले. मीच गाडी चालवली. मार्केट यार्डाच्या रस्त्याला हळदीचा वास येत होता. दादा खिडकीतून बघत म्हणाला, “वास तर येतोय बाबा अजून.” मी हसलोसुद्धा.

डॉक्टर तरुण आणि सौम्य होते. त्यांनी तीन शब्द सांगितले, ते थोड्या वेळाने परत विचारले. दादाने तिन्ही सांगितले. तारीख विचारली तेव्हा त्याने तिथी सांगितली, बरोबर. शंभरातून सात सात वजा करत तो दोनपर्यंत उतरला. डॉक्टर म्हणाले, “काका, उत्तम आहे की सगळं. नेमकं काय विसरलात?”

दादाने सगळे नीट सांगितले. चौदा म्हणालो, चाळीस होती. सुतळी बांधली वाटत होते, बांधलीच नव्हती. “ह्यो माझा भाऊ हाय, त्येला इचारा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. “असं झालं होतं?”

मी मान हलवली. होकाराची. तोंडाने एक अक्षरही बोललो नाही; जणू त्यामुळे खोटेपणा कमी होणार होता. डॉक्टरांनी कागदावर गोळ्या लिहिल्या आणि महिन्याने मेंदूचा फोटो काढू म्हणाले. गाडीत, मिरज रोड सोडल्यावर, दादा म्हणाला, “डागतर काय, परका मानूस. त्यो चांगलंच सांगनार. तू डोळ्यानं बघितलंस, ते खरं.”

मला वाटते, माणसाला लाज वाटते ती एकदम वाटत नाही. ती आधी दुसऱ्याच कशाच्या रूपाने येते. मला त्या दिवसांत खोकला येत होता, जेवण जात नव्हते, आणि मी सगळ्यांना सांगत होतो की पिंपे धुताना जाळतात त्या गंधकाच्या धुराचा त्रास होतो आहे.

ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आली. काडी किती डोळ्यांवर, म्हणजे किती कोंब राखून, मारायची यावर पुढचे सगळे पीक ठरते, आणि गेली चाळीस वर्षे आमच्या बागेत पहिली काडी दादा मारतो. त्या सकाळी तो वायनरीच्या उंबऱ्याशी आला. त्याने कात्री पुसून आणली होती. ती उंबऱ्यावर ठेवली, क्रेट ठेवायचा तशी, आणि एक पाऊल मागे सरला.

“औंदा तू मार. माझ्याकडनं डोळं चुकतील. एक वरीस वाया गेलं तर वेलीला कळत न्हाई ती कुनाची चूक हाय.” मग जरासे थांबून, “आन् त्यो डोस्क्याचा फोटू काढाय जायचं हाय न्हवं सोमवारी. त्येच्यात काय निगालं तर तुझ्या वैनीला एकदम सांगू नगंस.”

कात्री आमच्या दोघांच्या मध्ये पडली होती. मी आत गेलो. बुचांची पिशवी बाजूला केली. सुतळी घेऊन बाहेर आलो आणि उंबरा ओलांडून त्याच्या हातात दिली.

तो सुतळीकडे बघत राहिला. मग अंगठ्याने गाठी मोजू लागला. ओठ हलत होते. शेवटच्या गाठीवर अंगठा थांबला.

“चौदा,” तो म्हणाला.

“चौदाच हुती, दादा. बाकीची सव्वीस मी इकत आनली. तू दहाव्याला गेला हुतास तवा. सुतळीबी मीच काढली. तुझं कायबी चुकल्यालं न्हाई.”

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्याने हात उगारला असता तरी मला सुटल्यासारखे झाले असते. पण दादाचा चेहरा उजळला. असा उजळलेला मी तो कधी पाहिला नव्हता. तो वळून घराकडे निघाला, जवळजवळ धावत, सुतळी वर धरून.

“आगं! ऐकलंस का! बांधल्याली हुती! चौदाच हुती गं! मी इसरलो न्हवतो!”

वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिला आधी काही समजेना. मग समजले, आणि तिने माझ्याकडे जसे पाहिले ते मी इथे लिहीत नाही. दादा मात्र लहान मुलासारखा हसत होता, पुन्हा पुन्हा गाठी मोजत होता. माझ्या खोटेपणाचा त्याला त्या घटकेला पत्ताच नव्हता. त्याला त्याचे डोके परत मिळाले होते, आणि त्या आनंदात माझा गुन्हा त्याच्या ध्यानातच येत नव्हता. मी अंगणात उभा राहून तो आनंद पाहिला. त्याहून मोठी शिक्षा मला कुणी दिली नसती.

ध्यानात आले ते दुपारी. पट्टीतल्या पहिल्या ओळीत तो छाटणी करत होता, मी मागून काड्या गोळा करत होतो. कात्री न थांबवता तो म्हणाला, “पावन्याम्होरं बोललास, ते एक असूं दे. तोंड सांभाळाय बोलतंय मानूस. पर डागतरम्होरं तू मान हलवलीस, धाकल्या.”

एवढेच. त्यानंतर आजपर्यंत त्याने तो विषय काढलेला नाही.

मी उरलेल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या भिजवून काढल्या आणि ती वाइन खालच्या बागेच्या साध्या वाइनमध्ये मिसळली. गेलेल्या बाटल्यांसाठी ज्यांचे पत्ते होते त्यांना पत्रे लिहिली. पुण्याच्या त्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अहो, पण चांगली होती की.” मी म्हणालो, वाइनचे राहू द्या; माझा भाऊ काही विसरला नव्हता, एवढे सांगायला फोन केला आहे.

मी दादाला म्हणालो, सुतळी परत खिळ्याला अडकव. त्याने मान हलवली. “तिथं नगं. तुझ्या आतल्या खोलीत लाव. पिंपाच्या वर.” आत तो कधी येणार नाही, म्हणजे ती तो पाहणारही नाही. ती कुणासाठी राखून ठेवायची हे त्याने सांगितले नाही, आणि मलाही विचारावे लागले नाही.

ती तिथे आहे. यंदा मार्चमध्ये पट्टीचे एकतीस क्रेट निघाले. दोन पिंपांपैकी एक भरले, उरलेले काचेच्या बरण्यांत आहे, आणि चिठ्ठीवर तसे लिहिले आहे. पाहुणे आत येतात, पिंपांवर लोंबणारी काळपट सुतळी बघतात आणि विचारतात, हे काय? मग मी सांगतो. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगतो, सव्वीस क्रेटांसकट, डॉक्टरांसकट. काही जण उगाच हसतात, काही घड्याळ बघतात. बाहेर पत्र्याखाली दादा उभा असला की त्याला बोलावतो, आणि त्यांच्यासमोर म्हणतो, “हा माझा दादा. ह्याला सगळं आठवतं.” मोठ्या भावाला असे एकेरी बोललेले शहरातल्या माणसांना जरा खटकते. मी ते खटकू देतो.